वेशीवरच्या देवा

वाघोबा, देवा,

टिटवाळ्याच्या गणपतीला सांगून झालंय. मंगळवारी दोघं जाऊन आलो, रांगेत उभे राहिलो, नारळ वाढवला. तो विघ्नहर्ता आहे यात शंका नाही, पण मंगळवारी त्याच्या पुढ्यात मुंबईपासून कसाऱ्यापर्यंतची विघ्नं येऊन पडलेली असतात. त्यात माझा नंबर कधी लागायचा? शिवाय माझं काम वेशीचं आहे, आणि वेशीचं काम वेशीवरच्या देवापुढेच मांडावं, हे मी पाड्यावरच्या शाळेत नोकरी करताना शिकले. तिथली पोरं तुझ्या शिळेपुढून जाताना बोलता बोलता गप्प व्हायची, वाकून एखादं पान ठेवायची आणि दोन पावलं पुढे गेली की पुन्हा कलकलाट. हे त्यांना कुणी शिकवलं, कोण जाणे. अभ्यासक्रमात तरी नव्हतं.

तळकोकणातल्यासारखं गाऱ्हाणं घालायला मला येत नाही. खड्या आवाजात महाराजाला हाळी द्यायची, मागून होकार भरायला चार माणसं उभी करायची, ही रीत आमच्याकडची नव्हे. मी आपली जमेल तशी बोलते. सवयीने थोडी मास्तरकी होईल, ती पोटात घाल.

माझी लेक आत्ता एका वेशीवर उभी आहे. टांझानियातलं टुंडुमा हे अलीकडचं गाव, झांबियातलं नाकोंडे हे पलीकडचं. एकटी आहे, मोटारसायकलवर. गाडी न्हावाशेव्याहून जहाजाने मोंबासाला गेली, मागाहून ही विमानाने. उत्तरेकडून, इजिप्तमधून उतरत जायचं तिच्या मनात होतं, पण मधल्या सुदानात एप्रिल 2023 पासून लढाई पेटली आहे, म्हणून मोंबासा. तिथून नैरोबी, मग नमांगाची वेस ओलांडून टांझानियात अरुशा, दोदोमा, इरिंगा, म्बेया. आज सकाळी म्बेयाहून निरोप आला, "आई, निघते. आज बॉर्डर. फोन लागला नाही तर घाबरू नकोस." म्बेयाहून टुंडुमा म्हणजे वाशिंदहून घाट चढून नाशिक गाठावं, साधारण तेवढं. दुपारपासून नकाशावरचा तिचा ठिपका टुंडुम्यात येऊन थांबलाय. हे मोबाईल घेऊन ओटीवर बसलेत आणि दर थोड्या वेळाने चष्मा पुसतात. ठिपका हलत नाही तो काचेमुळे, असं त्यांना वाटत असावं.

आता तुला ही वेस समजावून सांगायला हवी. तुझ्या शिळेवर एक अक्षर नाही. वाघ आहे, वर चंद्र आहे, सूर्य आहे, आणि बाकी शेंदूर. तुझ्या हद्दीतून जायला मान वाकवली की पुरतं. तिकडे कागद लागतो.

माणसाला पासपोर्ट असतो तसा मोटारसायकललाही असतो, बरं का. त्याला कार्ने म्हणतात. चर्चगेटला वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन नावाची 1919 सालची संस्था आहे, तिच्याकडून तो काढला. गाडी तिकडे विकणार नाही, परत आणू, याची हमी म्हणून बँकेत पैसे अडकवावे लागतात. माझ्या निवृत्तीच्या पैशातली एक ठेव त्यात अडकली आहे. त्या पुस्तकाच्या प्रत्येक पानाचे तीन भाग. देशात शिरताना कस्टमचा माणूस शिक्का मारतो आणि एक भाग फाडून ठेवून घेतो. देशातून निघताना दुसरा भाग फाडतात. तिसरा पुस्तकात राहतो, आणि त्याच्यावर आल्याचा आणि गेल्याचा, दोन्ही शिक्के लागतात. गेल्याचा शिक्का राहिला तर कागदोपत्री गाडी त्या देशातच उरली. मग ती आमच्या अंगणात तुळशीशेजारी उभी असली तरी तिकडचं कस्टम तिच्यावरची जकात मागायला मोकळं.

म्हणून माझं पहिलं मागणं अगदी कारकुनी आहे, हसू नकोस. टांझानियातून बाहेर पडल्याचा शिक्का आधी लागू दे. तो स्वच्छ उमटू दे, तारीख वाचता येऊ दे, शाई फुटू देऊ नकोस. आता अशा वेशींवर दोन्ही देशांची कचेरी एकाच छताखाली आणतात. ज्या देशात शिरायचं त्याच्या बाजूच्या इमारतीत निघण्याचं आणि शिरण्याचं काम लागोपाठ उरकतं. आफ्रिकेतली अशी पहिली चौकी 2009 साली झांबिया आणि झिंबाब्वेच्या मधे चिरुंडूला झाली, आणि ट्रकवाल्यांचे कित्येक दिवस वाचले म्हणतात. पण सोय झाली की चुकाही सोप्या होतात. एका खिडकीवरून दुसरीकडे जाताना मधली खिडकी राहून जाते. माझ्या पोरीला घाई फार. तिला त्या मधल्या खिडकीशी थांबव.

मग पिवळी कार्डं. ती दोन आहेत. एक पीतज्वराच्या लशीचं; ती लस टोचल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं आणि जन्मभर चालतं. परत येताना ते हरवलेलं असलं तर आपलंच सरकार विमानतळावरून थेट सहा दिवस वेगळं ठेवू शकतं. दुसरं पिवळं कार्ड विम्याचं. ते केनियात काढलं की टांझानिया, झांबिया, झिंबाब्वे असं बऱ्याच देशांत चालतं; गाडीने कुणाला धक्का लागला तर त्याची भरपाई त्यातून होते. आमच्या ह्यांनी लशीच्या कार्डाच्या झेरॉक्स काढल्या आणि पाकिटात ठेवल्या. जायच्या आदल्या रात्री विम्याचं अजून काढलेलंच नसताना तेच दिसत नाही म्हणून घरभर शोधाशोध. देवा, आज खिडकीवर तिने योग्य ते पिवळं पुढे केलं असू दे.

खिडकीच्या अलीकडे माणसं अंगावर येतात. नोटा बदलून देणारे, अर्ज भरून देणारे, साहेब ओळखीचा आहे म्हणणारे. आपल्याकडच्या कचेऱ्यांबाहेर वडाखाली बसणारेही असेच पोटार्थी, सगळेच काही वाईट नसतात. त्यातला बरा कोणता एवढं तिला ओळखू दे. रस्त्याचा कर, धुराचा कर, विमा, ज्याचे जे खरे पैसे ते ती देईल, पावती घेईल. आणि आतला एखादा पावतीशिवाय मागायला लागलाच तर तिला हसून बसून राहायचं बळ दे. तिचा उपाय तोच आहे: पावती मागायची, बाकावर बसायचं, पिशवीतून पुस्तक काढायचं. आईवर गेलेली असती तर भांडली असती. या बाबतीत ती बापावर गेली, ते बरंच झालं म्हणायचं.

एक गंमत आहे. ही वेस ओलांडली की घड्याळ तासभर मागे जातं. टांझानिया आपल्याहून अडीच तास मागे, झांबिया साडेतीन. म्हणजे फाटकाच्या अलीकडे पाच वाजलेले असतील तर पलीकडे चार. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही हा एकच नियम मी घालून दिलाय. सूर्य काही घड्याळ बघून मावळत नाही हे मलाही कळतं, पण तो एक तास कागदावर तरी हातात पडतो. त्यात तिला मुक्कामाला एखादं बरं घर, आतून कडी लागणारं दार आणि गरम अन्न मिळू दे. मक्याच्या पिठाची घट्ट उकड असावी तसं काहीतरी तिकडे रोज करतात, उगाली त्याचं नाव. झांबियात त्यालाच न्शिमा म्हणतात. हाताने खायचं असतं, पालेभाजीबरोबर. तिला आवडलंय. शेंगदाण्याची चटणी तिने नैरोबीतच संपवली.

ती जायची ठरली तेव्हा लोक काय काय बोलले, ते तुझ्या कानावर आलंच असेल. स्टेशनवर, पिठाच्या गिरणीत, हळदीकुंकवाला, एकच प्रश्न: "आफ्रिकेत? एकटी?" त्यातल्या 'एकटी'ला माझ्याकडे उत्तर होतं. आपल्या पुण्याच्या रमिला लटपटे 2023 च्या मार्चमध्ये मुंबईहून निघाल्या आणि नऊवारी नेसून मोटारसायकलवर जग फिरल्या. ही तर पँट घालते. पण 'आफ्रिकेत' हा शब्द लोक ज्या सुरात उच्चारतात, त्या सुराला उत्तर देणं अवघड. मी मग योगेश आलेकरीचं सांगते. हा आपल्याकडचा तरुण मोटारसायकलवरून मुंबईहून निघून लंडनपर्यंत पोचला. इतके देश, इतक्या वेशी, कुठे काही झालं नाही. आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमला त्याची गाडी सामानसुमानासकट चोरीला गेली. चोर काय कातडीचा रंग बघून जन्माला येतो? हे ऐकलं की गिरणीतल्या बायका गप्प होतात. पटलं म्हणून होतात की दळण झालं म्हणून, ते तुला ठाऊक.

माझं दुसरं मागणं यावरचं आहे. ती ज्या गावांतून जाते तिथल्या माणसांना तिच्यापासून उपद्रव होऊ देऊ नकोस. फोटो काढण्याआधी तिने विचारावं. खिडकीवर आपलं काम पुढे ढकलण्याआधी समोरच्याची विचारपूस करावी. टांझानियात रीतच तशी आहे म्हणे: मोठ्या माणसाला आधी अदबीने वंदन, मग घरचं क्षेमकुशल, मग कामाचं. आपल्याकडेही होती की ही रीत. गाडीवर बसलेल्या माणसाला रस्ता आपल्यासाठीच केलाय असं वाटायला वेळ लागत नाही, आणि परक्या मुलखात तर लोक कौतुक करतात, गर्दी करतात, मुलं हात हलवतात. त्याने डोकं फिरतं. तिचं फिरू देऊ नकोस. तुझ्या शिळेपुढे पोरं गप्प व्हायची, तेवढी एक घडी तिला प्रत्येक वेशीवर सापडू दे.

तुझं तिकडे कुणी भाऊबंद आहे की नाही, मला माहीत नाही. वाघ तर तिकडे नाहीच. सिंह आहे, बिबट्या आहे. बिबट्या आपल्या तानसाच्या जंगलातही आहे, त्याच्याशी तुझं बोलणं असेलच. पण सिंहाशी कधी काही करार केलास का? हे अशासाठी विचारते की मोंबासाहून नैरोबीला जाताना ती त्सावोवरून गेली. तिथे 1898 साली रेल्वेच्या पुलाचं काम चालू असताना दोन सिंहांनी तंबूंतून कामगार ओढून नेले. किती, यावर अजून वाद आहे. पुलावरचा इंग्रज साहेब एकशे पस्तीस म्हणून गेला, अलीकडच्या अभ्यासकांच्या मते पस्तीसच्या आसपास. त्यांतली बरीच माणसं हिंदुस्थानातून कराराने नेलेली होती. 1896 ते 1901 या काळात त्या रेल्वेसाठी सुमारे बत्तीस हजार माणसं इथून गेली, पंजाबातली फार, आणि अडीच हजारांच्या आसपास तिकडेच गेली, सिंहांपेक्षा ताप आणि हगवणीनेच जास्त. त्यांच्या वाटेवर वाघोबाचं ठाणं नव्हतं. कुणी पान ठेवायला थांबलं नाही, थांबायची मुभाही नव्हती.

आमच्या वाशिंदला हे कळायला हवं, कारण आमचं गावही एकदा रेल्वेचं टोक होतं. 1855 च्या ऑक्टोबरात कल्याणहून आगगाडी इथवर आली आणि थांबली. पुढे आसनगावला जायला तिला 1860 उजाडलं, कसाऱ्याला 1861, आणि घाट चढून इगतपुरीला पोचली ती 1865 मध्ये. मधली ती चार-साडेचार वर्षं मुंबईकडून येणाऱ्याचं जग वाशिंदला संपत होतं. उतरा, बैलगाडी बघा, पुढचं तुमचं तुम्ही. आज कसारा लोकलमधून उतरणाऱ्याला हे सांगितलं तर खरं वाटत नाही. त्याला फक्त पुढच्या गाडीची वेळ हवी असते. टुंडुम्याहूनही एक रेल्वे जाते, दार-ए-सलामहून झांबियात, 1970 ते 75 मध्ये चिन्यांनी बांधलेली. लेकीला मी म्हटलं होतं, रूळ ओलांडताना जरा थांब. गाडीसाठी नाही, असंच. ती म्हणाली, "आई, मागे ट्रक असतात." असतात खरे. तांब्याच्या खाणींकडून बंदराकडे जाणाऱ्या ट्रकची रांग त्या वेशीवर मैलोगणती लागते. आमच्या नाशिक हायवेवर ज्याने पावसाळ्यातला खोळंबा काढलाय त्याला कल्पना येईल. त्या ट्रकांच्या सावलीत चुली मांडून बसलेल्या ड्रायव्हरांनाही तुझ्या यादीत धर. त्यांची मुक्कामाची घरं तीच.

अजून एकाचं नाव घालायचं आहे, फार जुन्याचं. तुझ्या शिळेकडून बघितलं तर माहुलीचे सुळके दिसतात. त्या किल्ल्यावर 1636 साली निजामशाही संपली. शहाजीराजे वेढ्यात होते. ती निजामशाही त्याआधी पंचवीसेक वर्षं ज्याने खांद्यावर पेलली, तो मलिक अंबर आफ्रिकेतला, हबशी. साधारण 1548 चा जन्म, आताच्या इथिओपियातला. पोरवयात विकला गेला. तांबडा समुद्र ओलांडून अरबस्तान, बगदाद, आणि मग दख्खन. हाताहाताला विकत येताना त्याने किती वेशी ओलांडल्या असतील! त्याचा कुणी कागद केला नाही, की कुणी केला असेल तर तो मालाच्या यादीत. तो इथे आला, वजीर झाला, जमिनीची मोजणी बसवली, खडकी वसवली, मोगलांना दमवलं आणि 1626 मध्ये खुलताबादेत मातीआड झाला. शाळेत हा धडा शिकवताना पोरं हमखास विचारायची, "बाई, त्याची आई?" माझ्याजवळ उत्तर नसायचं, पुस्तकातही नव्हतं. आज ठिपका हलत नाही म्हणून मी दुपारपासून तीनदा देवघरात गेले. त्या बाईकडे ठिपकाही नव्हता. देवा, साडेचारशे वर्षांनी मागते आहे, उशीर झालाय हे कळतं, पण तिचंही गाऱ्हाणं कुठेतरी नोंदव.

आणि ज्या रेघेपाशी माझी पोर उभी आहे ती रेघ तिथल्या माणसांनी आखलेली नाही. तळ्यापासून तळ्यापर्यंत इंग्रज आणि जर्मन यांनी 1890 च्या जुलैत बर्लिनमध्ये बसून ती वाटून घेतली. नाम्वांगा म्हणून लोक आहेत, ते रेघेच्या अलीकडेही आहेत, पलीकडेही. इंग्रज गेले, जर्मन त्याआधीच गेले, आणि नव्या देशांच्या पुढाऱ्यांनी 1964 साली कैरोत ठरवलं की मिळाल्या त्या हद्दी तशाच ठेवायच्या. शहाणपणाच केला. पुन्हा वाटण्या काढल्या असत्या तर घरटी भांडण लागलं असतं. पण मग रोज डोक्यावर बोचकं घेऊन इकडून तिकडे जाणाऱ्या बाईने काय करायचं? ती माझ्या लेकीच्या रांगेत उभी नसते. तिचा रस्ता बाजूने असतो, घरांच्या मधून. तिच्या बहिणीचं लग्न पलीकडे झालेलं असतं, तिचं शेत अलीकडे असतं. तुझ्या हद्दीचं तत्त्व मला कळतं: वाघाने इकडे यायचं नाही, आपण गरजेपेक्षा आत शिरायचं नाही, आणि दोघांनी एकमेकांना ओळख द्यायची. या दुसऱ्या हद्दीचं तत्त्व मी भूगोल शिकवला तरी मला अजून नीटसं कळलेलं नाही. तुला कळलं असेल तर सुदानातून चाडकडे निघालेल्या त्या लाखो लोकांना कळव. त्यांच्या पुढे कार्ने नाही, मागे घर नाही.

खिडकीमागे बसलेल्या माणसासाठीही मागू दे. बाई असेल बहुतेक, निदान माझ्या डोळ्यांपुढे बाईच येते. सकाळपासून परक्या माणसांची बोटं, चेहरे, तारखा. प्रत्येकाला घाई, प्रत्येकाला वाटतं आपलंच काम महत्त्वाचं. मी शाळेत प्रवेशाच्या दिवसांत अशी खिडकी सांभाळली आहे. चार वाजता माणूस माणसाला माणूस म्हणून बघेनासा होतो. तिचा चहा वेळेवर येऊ दे. तिच्या शाईचं पॅड ओलं असू दे, कॉम्प्युटर चालू असू दे, वीज असू दे. तिची घरी वाट बघणारी पोरं असतील तर त्यांचा ताप आज उतरलेला असू दे. आणि पासपोर्ट चाळताना माझ्या लेकीचा फोटो बघून तिला क्षणभर वाटू दे की ही कुणाची तरी आहे. मग शिक्का मारायचा की नाही ते तिच्या कायद्याने ठरू दे. कायद्यात बसत नसेल आणि तिने परत पाठवलं तरी माझी तक्रार नाही. पोरगी चिडेल, म्बेयाला नाही तर टुंडुम्यालाच रात्र काढेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईल. तेवढी सवय तिला आहे.

पुढच्या वेशींचं आजच सांगून ठेवू का? कझुंगुलाला झांबेझी नदीवर नवा पूल झालाय, 2021 पासून. आधी तिथे तराफ्यावरून ट्रक एकेक करून नेत असत. चार देशांची टोकं त्या जागेजवळ येतात, आणि झिंबाब्वेची हद्द टाळायची म्हणून पूल चक्क वळवून बांधलाय. लेकीला तो बघायचाच आहे. तिथलं तू तेव्हा बघ, मी पुन्हा येईन.

नवस बोलत नाही. वाघबारशीला कोंबडं वाहतात, ते आमच्या घरात चालत नाही आणि तुझ्याशी सौदा करायचं वयही राहिलं नाही. पण एक काम मी हातात घेतलंय, ते तुला सांगितलेलं बरं, कारण तेही वेशीचंच आहे.

लेकीचे सगळे अर्ज मी भरले. कार्नेचा, व्हिसाचे, विम्याचा, लशीचा. पासपोर्टवर नाव कसं, लायसन्सवर कसं, आडनावाच्या शेवटी एच लावायचा की नाही, सगळं पाठ झालं. तेव्हा डोक्यात आलं की माझ्या शाळेच्या हजेरीवर कातकऱ्यांची जी पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची आणि पावसाआधी परतायची, ती आता मोठी झालीत, त्यांना पोरं झालीत, आणि जातीचा दाखला त्यांच्यातल्या कित्येकांकडे अजून नाही. कसा असेल? 1950 च्या आधीचा पुरावा आणा म्हणतात. ज्याचा आजा भट्टीवर जन्मला आणि शाळेची पायरी चढला नाही, त्याने तो कुठून आणायचा? माझी पोर जाडजूड फाईल घेऊन खंड ओलांडते आणि ही माणसं तालुक्याच्या कचेरीची पायरी ओलांडू शकत नाहीत. अर्ज भरायचा सराव आता हाताला आहेच, म्हणून दोघींचे भरायला घेतले. एक माझी विद्यार्थिनी, एक तिची नणंद. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये नणंदेच्या बापाची नोंद सापडली, जातीसकट. तलाठी गृहचौकशीला यायला कबूल झालाय.

सोमवारी दोघींना घेऊन जायचंय. विद्यार्थिनीचं आधारवर नाव एक आहे आणि रजिस्टरात मी स्वतः लिहिलेलं दुसरं. शपथपत्र करून आणलंय. साहेब जागेवर असू दे, आणि ते शपथपत्र त्याने चालवून घ्यावं, तेवढं बघ.